शाईतलं पहिलं कार्ड

कोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काम करून पेन्सिलकाकांनी एकाही कार्डावर शाईनं सही केली नव्हती. ज्या दिवशी केली, त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी केली, आणि केल्यावर पहिली गोष्ट कोणती केली, तर उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग खुर्चीत बसून ते त्या कार्डाकडे असे बघत राहिले, की जणू ते दुसऱ्याच कुणीतरी टेबलावर आणून ठेवलंय.

पेन्सिलकाका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. पण कार्यालयात त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या कार्यालयात एक जाडजूड कोश तयार होत होता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत त्याचा अर्थ. पहिली आवृत्ती चाळीस वर्षांपूर्वी निघाली होती. आता दुसरीचं काम चाललं होतं, आणि तेही इतकी वर्षं, की सुरुवातीला मिसरूडही न फुटलेले लोक आता चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरत होते.

कामाची पद्धत ठरलेली होती. एखादा शब्द कुठं वापरलेला सापडला, की ते वाक्य पिवळ्या कार्डावर उतरवायचं. खाली लिहायचं, कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, केव्हा म्हटलं. मग ते कुठंही सापडो. वर्तमानपत्र असो, कोर्टाचा निकाल असो, नाहीतर दवाखान्यात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं असो. पिवळी कार्डं पुरेशी साठली, की पांढऱ्या कार्डावर अर्थ लिहायचा, तो आधी पेन्सिलीनं. स्वतःची खात्री पटली, की त्याच अक्षरांवरून शाईचं पेन फिरवायचं आणि कोपऱ्यात सही करायची.

पेन्सिलीतल्या कार्डावर मुख्य संपादक खोडरबर चालवू शकत. शाईतल्या कार्डाला मात्र त्यांनाही हात लावता येत नसे. हरकत असेल तर त्यांनी सभा बोलवायची, आणि सही करणाऱ्यानं सभेत उभं राहून आपली पिवळी कार्डं वाचून दाखवायची. नियम मुख्य संपादकांनीच केला होता, ते तरुण आणि तापट होते तेव्हा. आता ते नुसतेच तापट होते.

उभं राहून. पेन्सिलकाकांचं घोडं तिथंच अडत होतं.

शब्द त्यांना कळत नव्हते असं नाही. शब्दाची नस त्यांच्यासारखी कुणाला सापडत नसे, हे सगळं कार्यालय जाणून होतं. पण अर्थ लिहून झाला, की त्यांच्या मनात एक बारीकसा आवाज उठायचा, ‘आपलं चुकलं असलं तर?’ आणि पेन पुन्हा खिशात जायचं. त्यांची हजारो कार्डं दुसऱ्यांनी वाचली, मान डोलावली, शाई फिरवली आणि स्वतःची सही ठोकली. त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट चुकलं तर सही दुसऱ्याची आहे, या विचारानं त्यांना झोप चांगली लागायची.

घरी त्यांची बायको म्हणायची, “लग्नाच्या नोंदवहीत तरी शाईनं सही केलीत ना? का परत एकदा जाऊन बघून येऊ?”

“केली होती,” ते म्हणायचे. “असं मला वाटतं.”

मग टी हे अक्षर आलं, आणि टीमध्ये एक शब्द आला. टेमेरिटी.

पहिल्या आवृत्तीत त्याचा अर्थ असा छापला होता: ‘धैर्य, धाडस, निर्भयपणा.’ तो अर्थ मुख्य संपादकांनी स्वतः लिहिला होता. त्यांना सगळे पाठीमागे ‘थोरले’ म्हणत, आणि तोंडावर काहीच म्हणायची वेळ येऊ नये अशी इच्छा करत. त्या अर्थाला बोट लावायची कुणाची छाती नव्हती, कारण थोरल्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, काचेच्या चौकटीत एक पत्र टांगलेलं होतं.

थोरले पंचविशीत असताना त्यांनी एका परदेशी विद्वानाच्या ग्रंथात एक चूक शोधून काढली होती आणि त्या विद्वानाला तसं कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, इंग्रजीत, दोनच ओळींचं. कालपरवा या विषयात पाऊल टाकलेल्या माणसानं माझी चूक काढण्याची टेमेरिटी दाखवली, याची मी नोंद घेतली आहे. बस, एवढंच. खाली लफ्फेदार सही.

थोरल्यांनी ते पत्र चौकटीत बसवलं. आल्यागेल्याला ते दाखवायचे. “केवढा मोठा माणूस, आणि माझ्या धाडसाची नोंद घेतली म्हणून लिहितो. त्या काळची माणसंच वेगळी.” पाहुण्याला इंग्रजी बेताचं येत असलं, तर तो वाहवा करायचा. चांगलं येत असलं, तर तो चपलांकडे बघायचा.

पेन्सिलकाका एकतीस वर्षं चपलांकडे बघत आले होते.

पण या शब्दाची पिवळी कार्डंही ते एकतीस वर्षं गोळा करत आले होते. दोनशे चौदा झाली होती. खोक्यातून काढून टेबलावर पसरली, की सगळी कार्डं एकाच दिशेला बोट दाखवत. न्यायाधीश वकिलाविषयी म्हणतोय, याची ही टेमेरिटी. मालकीण स्वयंपाकिणीविषयी, सेनापती शिपायाविषयी, मोठा समीक्षक पहिलं पुस्तक लिहिलेल्या मुलीविषयी. प्रत्येक ठिकाणी बोलणारा वरच्या पायरीवर, ज्याच्याविषयी बोलला तो खालच्या. प्रत्येक ठिकाणी खालच्यानं काहीतरी विचारलेलं, मागितलेलं नाहीतर सुधारलेलं. आणि स्तुती एकाही कार्डावर नव्हती. काहीजण हा शब्द स्वतःविषयीही वापरत होते, पण तो सभ्यपणे, ‘मी जरा आगाऊपणा करून सुचवतो’ अशा थाटात.

शब्दाचं मूळही त्यांनी शोधलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता न बघता, वाटेल तसं, आंधळेपणानं. आणि त्याच्याही मागं अंधार होता. आपल्याकडे अंधाराला तम म्हणतात, तो शब्द आणि हा एकाच कुळातले, असं जाणकार मानत. अंधारात पाय टाकणं. ज्यांना दिसतं आणि तरीही जे उडी घेतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत दुसरे शब्द होते, चांगले, भरदार, कौतुकाचे. हा त्यांच्यातला नव्हता.

पेन्सिलकाकांनी हे सगळं कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं आणि मग ते चार महिने खणात ठेवून दिलं.

शुक्रवारी पाचला टी अक्षर बंद होणार होतं. जी पांढरी कार्डं शाईत असतील ती छपाईच्या जुळणीला जाणार. उरलेली पेन्सिलीतली कार्डं थोरल्यांच्या टेबलावर. तिथं खोडरबर होता, आणि खुर्चीमागं ते पत्र. म्हणजे आणखी चाळीस वर्षं शाळेतली मुलं, कचेरीतले कारकून, भाषांतर करणारे लोक हा कोश उघडणार आणि वाचणार: धैर्य, धाडस, निर्भयपणा. कुणीतरी एखाद्याच्या शिफारसपत्रात कौतुकानं हा शब्द घालणार, आणि त्या बिचाऱ्याची नोकरी जाणार.

गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले ते थेट जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. बायको टॉवेल वाळत घालत होती. ती चौतीस वर्षं शहराच्या तरणतलावावर पोहायला शिकवत होती. निवृत्त झाली तरी रोज सकाळी पोहून यायची, आणि तिचे टॉवेल घरात बारा महिने वाळत असायचे. पेन्सिलकाकांना पोहता येत नव्हतं. हा त्या घरातला सर्वात जुना विनोद होता.

“काय झालंय?” ती म्हणाली. “चेहरा बघा. बुडताना माणूस असा दिसतो. मला माहितीये, मी बाहेर काढलेत.”

त्यांनी सांगितलं. शब्द सांगितला, पत्र सांगितलं, पिवळी कार्डं सांगितली. तिनं शेवटचा टॉवेल झटकला आणि समोर येऊन बसली.

“तुम्हाला आठवतं, मी एकदा तलाव बंद केला होता?”

“तलावाचे साहेब चिडले होते, तेव्हा?”

“तेव्हाच. गाळणीचं यंत्र बिघडलं होतं. पाणी दुधासारखं झालेलं. काठावर उभं राहिलं की तळ दिसेना. आमचा नियम काय, तळ दिसत नसेल तर कुणाला उतरू द्यायचं नाही. खाली कुणी बुडालेलं असलं तरी कळत नाही हो. मी दोर बांधला, फाटकाला कुलूप लावलं. बाहेर रांग उभी. साहेब आले तणतणत. काय म्हणाले असतील?”

“काय?”

“माझी परवानगी न घेता तलाव बंद करायची तुमची हिंमत कशी झाली?”

पेन्सिलकाका सरळ बसले. “परत म्हण.”

“हिंमत कशी झाली. आता यात त्यांनी माझ्या हिंमतीचं कौतुक केलं का? मी ते चौकटीत लावून घ्यायला हवं होतं का?”

ते हसले. मग हसायचे थांबले आणि खिशात पेन्सिल शोधायला लागले.

“आणि गंमत बघा,” ती म्हणाली, “न बघता उतरायला निघाले होते ते लोक. मी तर बघूनच कुलूप लावलं होतं. पण आंधळी कोण ठरली? मी. का, तर खुर्ची त्यांची होती.”

“पुढं काय झालं?”

“दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त केलं. मला कुणी काही बोललं नाही. त्यांना माहीत होतं ना, माझं बरोबर होतं ते.” ती उठली. “अहो, तुमच्या त्या शब्दाचा तळ तुम्हाला दिसतो की नाही?”

पेन्सिलकाका पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, कारण चौतीस वर्षांत तिला पायरीवर घुटमळणाऱ्यांची सवय झाली होती.

“दिसतो,” ते म्हणाले.

“मग झालं.”

म्हणून शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ते कार्ड शाईत काढलं. रात्रीतून त्यात दोन गोष्टी वाढल्या होत्या. आता ते असं होतं: ‘टेमेरिटी: तळ न पाहता घेतलेली उडी, आंधळं, अविचारी धाडस, आगाऊपणा. स्तुतीसाठी वापरत नाहीत. बहुधा वरच्यानं खालच्याविषयी, रागानं; “तुझी हिंमत कशी झाली” या वाक्यातली हिंमत. स्वतःविषयी वापरल्यास नम्रपणे. मूळ लॅटिन, न बघता, आंधळेपणानं. आपल्या “तम” या शब्दाच्या कुळातलं मानतात.’ कोपऱ्यात सही. सही करताना शेवटचं अक्षर जरा वर गेलं. ते अक्षर पुढं त्यांना फार आवडायला लागलं, पण त्या क्षणी ते बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दार उघडून ते कार्डखान्यात गेले. कार्डखाना बाईंच्या ताब्यात होता. बाई उपसंपादक होत्या. त्यांचा आवाज हळू आणि जीभ धारदार होती, आणि त्यांच्या नजरेतून एकही कार्ड सुटत नसे.

बाईंनी कार्ड हातात घेतलं. वाचलं. उजेडाकडे धरलं.

“काका, हे काय आहे?”

“शाई.”

“ते दिसतंय. कुणाची?”

“माझीच असावी.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “थोरल्यांना दाखवावं लागेल. शेवटच्या दिवशीची शाईतली कार्डं ते बघतात.”

“माहितीये.”

“ते सभा बोलावणार.”

“माहितीये.”

“तुम्हाला उभं राहावं लागेल.”

“तेवढं सोडून बोला, बाई,” पेन्सिलकाका म्हणाले.

सभा तीनला भरली, मोठ्या टेबलाच्या खोलीत. थोरले टोकाला. त्यांच्या डाव्या हाताला कोशातले वैद्यकीय शब्द तपासणारे निवृत्त डॉक्टर, जे जेवणानंतरच्या सभांत डोळे मिटून ऐकत. उजव्या हाताला बाई, समोर कोऱ्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा. तो त्या कुठंही जाताना जवळ ठेवत, जशी इतर माणसं रुमाल ठेवतात. आणि या टोकाला पेन्सिलकाका, पुढ्यात दोनशे चौदा कार्डांचं खोकं.

“सही तुमची आहे?” थोरल्यांनी विचारलं. आवाज शांत होता. थोरल्यांचा आवाज शांत असला की जुने लोक खिडक्या लावून घेत.

“हो.”

“एकतीस वर्षांत पहिली.”

“हो.”

“आणि ती माझ्या अर्थाविरुद्ध.”

“शब्दाच्या बाजूनं,” पेन्सिलकाका म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. प्रत्यक्षात फक्त ‘बाजूनं’ एवढंच ऐकू आलं.

“नियम आहे. उभे राहा आणि वाचा.”

ते उभे राहिले. गुडघे एकमेकांवर आपटतात असं त्यांनी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं, आणि ती अतिशयोक्ती असावी असं त्यांचं मत होतं. ते मत त्यांनी तिथल्या तिथं मागं घेतलं. पहिलं कार्ड हातात धरलं. अक्षरं नाचत होती. ती नाचायची थांबेपर्यंत ते थांबले, आणि मग वाचायला लागले.

न्यायाधीश आणि वकील. मालकीण आणि स्वयंपाकीण. तिसऱ्या कार्डाला आवाज फुटला. सातव्याला तो खोलीच्या त्या टोकापर्यंत पोचला. बाराव्या कार्डावर एका शाळेचा मुख्याध्यापक तक्रार करत होता, की एका शिक्षिकेनं पगारवाढ मागण्याची टेमेरिटी केली, आणि तिथं डॉक्टरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “माझ्या बायकोला असंच झालं होतं.” आपण वाचतोय हे पेन्सिलकाका विसरूनच गेले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. एकेक त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतला होता. त्यांना कळलं, की आपल्याला यातलं सगळं दिसतंय. वरपासून खालपर्यंत, अगदी तळापर्यंत.

“पुरे,” थोरले म्हणाले.

“अजून एकशे नव्वद आहेत,” पेन्सिलकाका म्हणाले, आणि पंचविसावं कार्ड उचललं.

“पुरे म्हटलं ना.”

“नियमात सगळी वाचायची असं आहे. नियम तुमचाच आहे, साहेब.”

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले. दोन्ही हात टेबलावर टेकले. आणि त्यांना खूप राग आला की जसे ते अर्ध्या इंग्रजीत जात, तसे गेले.

“काल खणात कार्डं लपवणारा माणूस आज मला माझे नियम शिकवतो? चाळीस वर्षं मी हा कोश उभा केला, आणि माझ्याच टेबलाशी उभं राहून मला दुरुस्त करायची तुमची ही टेमेरिटी?”

तेवढ्यात एक बारीक खरखर ऐकू आली. बाई लिहीत होत्या. पिवळ्या कार्डावर, नेहमीच्या गोल अक्षरात, न घाईनं न हळू. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवलं, कारण ऐकलेलं वाक्य बोलणाऱ्याला वाचून दाखवायचं, ही त्या कार्यालयाची जुनी शिस्त होती.

“कार्ड दोनशे पंधरा. ‘मला दुरुस्त करायची तुमची ही टेमेरिटी.’ बोलणारे, मुख्य संपादक. ज्यांना म्हटलं ते, सहायक. प्रसंग, सभा. भाव, राग.” त्यांनी मान वर केली. “स्तुती लिहू का, साहेब?”

डॉक्टरांना खोकला आला, आणि तो बराच वेळ टिकला.

थोरले उभेच होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग खोलीच्या उघड्या दारातून पलीकडे, जिथून त्यांच्या खुर्चीमागची चौकट दिसत होती. हळूच ते खाली बसले. लाली उतरत गेली, आणि तिच्याखालून एक वेगळाच, थकलेला म्हातारा माणूस वर आला.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“सुरुवातीला नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी कळलं. एका कादंबरीत तो शब्द वाचला आणि अंगावर काटा आला. पण तोवर कोश छापलेला होता, आणि पत्र सगळ्या गावाला दाखवून झालेलं.” ते स्वतःशीच हसले. “भिंतीवरची चौकट उतरवायची, तर कुणीतरी विचारणार, का उतरवली. म्हणून दाखवत राहिलो. चाळीस वर्षं लोकांना मी मला बसलेली चपराक दाखवतोय. तिलाच मी धैर्य म्हणत होतो.”

खरं तर पेन्सिलकाकांनी इथं बसायला हरकत नव्हती. ते जिंकले होते, आणि हे त्यांनाही कळलं होतं. पण ते बसले नाहीत, कारण त्यांच्याजवळ आणखी एक कागद होता, खोक्याच्या तळाशी. तो दाखवायचं त्यांनी सकाळपासून सतरा वेळा ठरवलं होतं आणि सतरा वेळा रद्द केलं होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “त्या विद्वानांच्या ग्रंथाची पुढची आवृत्ती ग्रंथालयात आहे. तुमच्या पत्रानंतर तीन वर्षांनी निघालेली. तुम्ही जी चूक दाखवली होती...”

“तिचं काय?”

“ती त्यांनी दुरुस्त केली. तुमच्या शब्दांत. नाव दिलं नाही, पण शब्द तुमचेच आहेत. मी कार्यालयात जपलेल्या तुमच्या पत्राच्या नकलेशी ताडून पाहिले.”

थोरल्यांनी हात पुढं केला. कागद घेतला. वाचला. परत वाचला.

“हे तुम्हाला कधी सापडलं?”

“अकरा वर्षांपूर्वी.”

“अकरा वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?”

“खात्री नव्हती.”

“छापलेलं आहे हो.”

“छापण्यात चूक होऊ शकते,” पेन्सिलकाका म्हणाले. “मी चार वेळा जाऊन बघून आलो.”

थोरले हसायला लागले. सुरुवातीला आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं आणि त्या थोड्या घाबरल्या.

“म्हणजे मी बरोबर होतो,” थोरले डोळे पुसत म्हणाले.

“बरोबर होतात, म्हणून तर त्यांनी तो शब्द वापरला. चूक असतात तर नुसतं चूक आहे म्हणून कळवलं असतं.” पेन्सिलकाकांनी खोक्यावर हात ठेवला. “माझ्या कार्डांत असं पुष्कळदा दिसतं. दुसरं उत्तर उरलं नाही, की वरचा माणूस हा शब्द काढतो. तो म्हणतो, तू न बघता पाय टाकलास. आणि कधीकधी सगळ्या खोलीत त्या एकालाच दिसत असतं.”

एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं, की छत जिथल्या तिथं आहे.

थोरले उठून आपल्या खोलीत गेले. चौकट भिंतीवरून काढताना खिळ्याचा आवाज आला. ती त्यांनी आणून टेबलावर उपडी ठेवली, मागची पट्टी सोडवली, काच बाजूला केली आणि पिवळट पडलेलं पत्र बाईंपुढं सरकवलं.

“दोनशे सोळा,” ते म्हणाले. “उतरवून घ्या. बोलणारे, मोठे विद्वान. भाव, राग. पुढं कंसात लिहा, बोलणाऱ्याची चूक होती.”

“कंसात असलं लिहीत नाही आपण, साहेब.”

“मग कंसाबाहेर लिहा.” आणि ते पेन्सिलकाकांकडे वळले. “तुमच्या कार्डाला हरकत नाही. हरकत मागं घेतली असं इतिवृत्तात येऊ दे. आणि बसा आता. पडाल.”

पाचला दहा मिनिटं कमी असताना पेन्सिलकाका स्वतः कार्ड घेऊन खाली जुळणीच्या खोलीत गेले. जुळणीकार वीस वर्षं तिथं काम करत होता आणि कार्यालयातलं प्रत्येक अक्षर तो डोळे मिटून ओळखायचा. त्यानं कार्ड हातात घेतलं आणि कोपऱ्यात बोट ठेवून थबकला.

“ही सही कुणाची? नवीन कुणी आलंय का वर?”

“माझी.”

जुळणीकारानं त्यांच्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं. “काका, मग कोशाच्या पहिल्या पानावर सहीवाल्यांची नावं जातात त्यात तुमचंही टाकावं लागणार. जागा सोडलेली नाही हो मी.”

“मग?”

“मग काय. सगळ्यांना जरा सरकवतो,” तो म्हणाला, आणि खरोखरच संगणकाच्या पडद्यावरची सगळी नावं एकेक ओळ खाली सरकवली.

घरी आले तेव्हा बायको फाटकापाशीच उभी होती. तिनं काही विचारलं नाही. त्यांच्या चालण्यावरूनच तिला कळलं असावं, कारण ते आज फुटपाथच्या मधोमध चालत आले होते. नेहमी ते कुंपणाला घासून चालत.

आत येऊन त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं. ‘तळ न पाहता घेतलेली उडी’ या शब्दांशी ती थांबली. ‘तुझी हिंमत कशी झाली’पाशी तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

“माझं नाव नाही कुठं.”

“कोशात नावं देत नाहीत. पण पिवळं कार्ड केलंय. बोलणारे, तलावाचे साहेब. ज्यांना म्हटलं त्या, पोहायला शिकवणाऱ्या बाई. ते खोक्यात कायम राहील.”

“बरं.” तिनं पांढरं कार्ड पुन्हा जवळ धरून पाहिलं आणि तिच्या भुवया चढल्या. “अहो, हे परत पेन्सिलीत?”

“ती नक्कल आहे. शाईतलं छापायला गेलं. आता त्याला कुणी हात लावू शकत नाही.” आणि घाईघाईनं पुढं म्हणाले, “मीसुद्धा नाही.”

तिनं कार्ड टेबलाच्या काचेखाली सरकवलं, जिथं तिची पदकं जिंकल्याची जुनी प्रमाणपत्रं होती, आणि टॉवेलांच्या दोरीशी गेली. कोरडा झालेला एक टॉवेल काढला, घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“उद्या सकाळी साडेसहाला. लहानांच्या तलावात. कमरेइतकं पाणी आहे.”

“एका आठवड्यात एकच गोष्ट ठरली होती,” पेन्सिलकाका म्हणाले.

“कुणी ठरवली होती?”

त्यांनी थोडा विचार केला. असं काही ठरलेलं त्यांना खरोखरच आठवेना. टॉवेलाची घडी त्यांनी हातानं सारखी केली.

“पाणी कसं आहे?”

“काचेसारखं,” ती म्हणाली. “फरशीवरच्या भेगासुद्धा मोजता येतात.”

“मग साडेसहा ठीक आहे,” ते म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवून दिली, म्हणजे सकाळी ती ओली व्हायला नको.